तिघांसाठी तीन खोके

लग्नाला तीन आठवडे उरले होते आणि मी अख्ख्या उपनगरात भेटवस्तू शोधत फिरत होतो. चर्चमध्ये माझ्या बाजूने उभे राहणारे तीन ग्रूम्समन उकाड्यात सूट घालून दिवसभर माझ्या नातेवाइकांना तोंड देणार होते. त्याबद्दल त्यांना आभाराचं काहीतरी द्यायचं होतं. मांडव, बँड आणि जेवण यांनी खिसा आधीच हलका केला होता, म्हणजे जे घ्यायचं ते स्वस्तातच. पण माझी तगमग त्याची नव्हती. तिघांपैकी एक जण माझ्यावर रागावला होता आणि त्याचा राग उतरेल अशी वस्तू मला हवी होती. अशी वस्तू कुठल्या दुकानात मिळते हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आम्ही वाकोल्याच्या जुन्या गावठाणातले ख्रिस्ती. रागावलेला तो आमच्या मागच्या चाळीतला, मालवणकडचा. बालवाडीपासूनचा मित्र. माझ्या लग्नात बेस्ट मॅन तोच, हे आम्ही दहावीच्या सुट्टीतच ठरवून टाकलं होतं. बेस्ट मॅन म्हणजे नवऱ्याच्या अगदी बाजूला उभा राहणारा, अंगठ्या सांभाळणारा आणि शेवटी चर्चच्या रजिस्टरवर साक्षीदार म्हणून सही करणारा. लग्नाची बैठक बसली तेव्हा माझे मोठे काका म्हणाले, "बेस्ट मॅन घरातलाच पाहिजे. सही करायला आपला माणूस बरा." आणि मी, जो ऑफिसात साहेबाशीही वाद घालतो, मी मान डोलावली. पहिला, म्हणजे बेस्ट मॅन, चुलत भाऊ झाला. दुसरा नवरीचा भाऊ, कारण तिच्या घरच्यांचा मान. मित्र तिसरा.

मी त्याला भेटून सांगणारच होतो. आज सांगू, उद्या सांगू असं करत राहिलो आणि तेवढ्यात माझ्या बहिणीने तिघांची यादी लग्नाच्या ग्रुपवर टाकली. त्याने खाली फक्त एक अंगठा टाकला. त्या अंगठ्याने माझी झोप उडवली.

घाटकोपरला पाकिटं बघितली, बोरिवलीला पट्टे बघितले. काही आवडलं की वाटायचं, हे दिल्यावर तो काय म्हणेल? काही म्हणणारच नाही, आणि मग मी ती वस्तू खाली ठेवायचो. एका दुकानदाराने शेवटी विचारलं, "साहेब, तुम्हाला घ्यायचं आहे की नाही?" मी त्याच्यावर उगाच भडकलो.

साकीनाक्याला एका गाळ्यात कंपन्यांसाठी भेटवस्तू बनवतात असं कळलं, म्हणून तिथे गेलो. तिथला माणूस स्टीलची बाटली दाखवत म्हणाला, "नाव कोरून देतो. खाली पद पण टाकतो." लग्नात कसलं पद, मी विचारलं. "बेस्ट मॅन, ग्रूम्समन, काय असेल ते." मी म्हटलं, बाटल्या नकोत. शेवटी तीन सारखे खोके घेतले, प्रत्येकात एक टाय, एक टायपिन आणि कफलिंक. नवरीला फोटो पाठवला तर तिचा लगेच फोन आला. "झकास आहे. आणि ऐक, तिघांना सेमच दे. त्याला काही वेगळं दिलंस तर ती लाच वाटेल."

मी हो म्हटलं. आणि अंधेरीला पोचेपर्यंत माझ्याच्याने राहवलं नाही. एका जुन्या कापडाच्या दुकानात पांढरा, मोठा, मऊ सुती रुमाल दिसला. मित्राला घाम फार येतो. सूट घालून तासभर उभं राहायचं म्हणजे त्याची वाट लागणार. मी तो रुमाल घेतला, त्याच्या खोक्यात टायच्या खाली सरकवला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो.

रविवारी संध्याकाळी खोका घेऊन त्याच्या घरी गेलो. तो टीव्हीसमोर बसला होता. "ये," एवढंच म्हणाला आणि परत टीव्हीकडे बघायला लागला. खोका त्याच्या आईनेच उघडला. टाय बघून खूश झाली. मग तिच्या हाताला रुमाल लागला आणि ती थांबली.

"रुमाल? रुमाल कोण कोणाक देता काय रे? दोस्ती तुटता."

मला हे माहीत असायला हवं होतं. त्यांच्या घरात मी निम्मं बालपण काढलंय. आमच्याकडे रुमालाचं कोणी काही मानत नाही, त्यामुळे ते माझ्या डोक्यातच आलं नाही. अख्खी मुंबई पालथी घालून मी एकट्या त्याच्यासाठी नेमकी तीच वस्तू उचलली होती.

"रुपयो दी त्येका, आत्ताच्या आत्ता," ती मित्राला म्हणाली. रुपया दिला की रुमाल विकत घेतल्यासारखा होतो आणि दोष लागत नाही. पण घरात एक नाणं सापडेल तर शपथ. हल्ली सगळं फोनवर. ती शेजारणीकडे नाणं मागायला गेली.

ती दार लोटून गेल्यावर तो म्हणाला, "तुटायचं काय राहिलंय त्यात."

"मी तुला आधी सांगायला हवं होतं," मी म्हणालो. "माझी हिंमत झाली नाही. चुकलो यार."

"भावाला उभा केलास त्याचं काही नाही रे. पण मी ते ग्रुपवर वाचलं. आणि तो 'आपला माणूस' पण माझ्या कानावर आलाय." त्याने टीव्ही बंद केला. "आईला मी सांगून बसलोय, एकदम त्याच्या बाजूला उभा राहणार म्हणून. तिने त्या दिवसासाठी साडी घेतली. तिला अजून बोललो नाहीये."

त्याने फोन उचलला, काहीतरी केलं आणि माझ्या खिशातला फोन वाजला. एक रुपया आला होता. खाली त्याने लिहिलं होतं, 'तिसऱ्याकडून'. मी ते दोनदा वाचलं. मला स्वतःची लाज वाटली, आणि मनात आलं, याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात त्याची आई नाणं घेऊन आली. "दिला मी," तो म्हणाला. तिचा जीव भांड्यात पडला. खोका नीट बंद करून तिने तो टेबलावर ठेवला आणि माझ्या पाठीवर हात फिरवला.

"सूट घालून तुझ्या बाजूक उभो रवतलो म्हणता. माका पुढच्या बाकार जागा दी हां, म्हंजे नीट बघूक गावतला."

मित्र खाली बघत होता. माझा फोन हातातच होता. तिथेच उभं राहून मी मोठ्या काकांना लावला. त्यांनी उचलला.

"काका," मी म्हणालो, "बेस्ट मॅनचं बोलायचं होतं."