गुळगुळीत खांदा

पोखर्णीच्या शंकरपटात कामाच्या बैलांची शर्यत वेगळी असायची. जुवानं खांद्यावर घट्टा पडलेली जोडीच तिथं चाले, आणि तो घट्टा समोरच्या गाडीवाल्यानं हात लावून तपासायचा. त्या वर्षी कामाची जोडी घेऊन एकटाच म्हातारा आला होता. बैलांच्या पाठी चोळत तो सारखा रस्त्याकडं बघत होता.

"दुसरी जोडी न्हाई आली तर पंच ही शर्यतच कायमची बंद करतेत," तो मला म्हणाला. मलाही चैन पडेना.

उन्हं कलताना एक जोडी आली, नुसती पळवायला पाळलेली. म्हाताऱ्यानं त्या बैलांच्या खांद्यावर हात ठेवला. गुळगुळीत खांदा मला लांबूनही दिसत होता. हात बराच वेळ तिथंच राहिला.

"हाय घट्टा," तो पंचांना म्हणाला, आणि हरायला म्हणून आपली जोडी जुंपू लागला.