घोडा नसलेला वीर

शिरूरला मी गेलो तो भाच्याच्या लग्नाला. लग्न एका दिवसात उरकलं आणि परतीच्या रिझर्व्हेशनला दोन दिवस बाकी होते. सांगलीत मी तीस वर्षं पाट्या रंगवतो. परगावी गेल्यावर लोक देवळं बघतात, मी पाट्या बघतो आणि बहुधा चरफडत परत येतो.

पहिल्या दिवशी इनामगावला गेलो. घोड नदीच्या काठी तीन हजार वर्षांपूर्वी माणसं राहत होती, त्यांची घरं आणि भांडी तिथे उकरून काढली आहेत. त्या माणसांनी मडक्यांवर रेघा ओढल्या त्या आजही सरळ दिसतात. त्यांची माहिती देणाऱ्या पाटीवर मात्र 'पाषाण'मधला 'ण' 'न' होऊन बसलेला, आणि सगळी ओळ उतरणीला लागलेली. ज्याने ती लिहिली त्याला या मडकी करणाऱ्यांकडे शिकायला पाठवायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तळेगाव ढमढेऱ्याचा बाजार पाहिला. गरम भजी खाल्ली आणि राहू गावाकडे जाणाऱ्या जीपमध्ये चेपून बसलो. भीमा ओलांडून दौंड तालुक्यात शिरलो नाही तोच जीप पंक्चर झाली. स्टेपनी आधीच पंक्चर होती. ड्रायव्हर म्हणाला, "तासभर लागंल, पाव्हनं." मी उतरलो, आणि समोरच रस्त्याच्या कडेला निळी पाटी दिसली.

'ऐतीहासीक स्थळ. शूर घोडदळ सरदाराची समाधी.' एका शब्दात दोन चुका. खाली सरदाराचं नाव नाही, काळ नाही. उद्घाटन करणाऱ्यांची नावं मात्र अकरा, आणि ती सरदारापेक्षा ठळक.

पाटीच्या मागे उसाच्या बांधावर एक दगड उभा होता. एक म्हातारा त्याला तेल लावत होता, त्याची बायको शेंदराची वाटी धरून उभी होती. म्हाताऱ्याच्या डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी. त्याला सगळे आबा म्हणत, हे नंतर कळलं.

"सरदाराची समाधी हीच का?" मी विचारलं.

"कुठला सरदार?" आबा म्हणाले. "ह्यो आमचा बाबा हाय. मेंढरं राखायचा. चोर आलं तवा एकटाच आडवा झाला आन् मेला. आमची मेंढरं गेली, आता ऊस लावतो, पर ह्याचं तेल चुकवलं न्हाई."

"नाव काय त्याचं?"

"न्हाई ठावं. बाबाच म्हनतो."

मी वाकून पाहिलं. तो वीरगळ होता (लढताना मेलेल्या माणसाच्या आठवणीचा कोरीव दगड). खालच्या चौकटीत काठी उगारलेला माणूस आणि पायांशी मेंढरं. मधे त्याला वर नेणाऱ्या अप्सरा. वरती पिंडीपुढे बसलेला तोच माणूस, माथ्यावर चंद्रसूर्य. कोरणाऱ्याने मेंढराच्या अंगावरची लोकरसुद्धा सोडली नव्हती.

म्हातारी एकदम म्हणाली, "आज न्यायला येनार हायती त्याला."

हकीकत अशी होती. पाटी लागल्यापासून पुढच्या मोठ्या गावाला या सरदाराचा उमाळा आला होता. चौकात चबुतरा बांधून हा दगड तिथे बसवायचा बेत होता. आबा पंचायतीत तीनदा जाऊन आले, तर त्यांना सांगितलं, बोर्डावर लिहिलंय, आता हा सगळ्यांचा आहे.

म्हातारीने मला बाजरीची भाकरी आणि माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ कढी) दिलं. मी ते संपवतोय तोवर ट्रॅक्टर आला. पुढे मोटारसायकलवर पांढऱ्या कपड्यातले पंचायतीचे एक मेंबर, मागे ट्रॉलीत चार माणसं, पहारी आणि दोर.

आबा दगडापुढे उभे राहिले. "मेंबर, आधी घोडा दाखवा."

"काय?"

"बोर्डावर घोडं हाय न्हवं? मग दगडावर दाखवा आन् घिऊन जावा."

मेंबर दगडाजवळ आले. माझी खात्री आहे, त्यांनी तो पहिल्यांदाच पाहिला. खाली पाहिलं, वर पाहिलं, मागून फिरून आले. ट्रॉलीतला एकजण म्हणाला, "मेंबर, ही तर मेंढरं हायती."

"मग बोर्डावर कसं काय?" मेंबरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या खांद्यावरच्या पिशवीमुळे त्यांना मी साहेब वाटलो असणार.

"बोर्डावर पेंटर लिहितो ते असतं," मी म्हणालो. "मी पेंटर आहे. कागदावर जे देतात ते आम्ही लिहितो. हत्ती दिला असता तर हत्ती लिहिला असता."

ट्रॉलीत हसू फुटलं. मेंबरांचा चेहरा पडला. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, बाजूला जाऊन कुणाशी तरी बोलले. "न्हाई वो, मेंढक्याचा हाय... व्हय, मेंढक्याचाच... चौकात कसा बशिवनार?" परत येऊन त्यांनी ट्रॅक्टर वळवायला सांगितला. घोडेवाला असता तर तो सगळ्यांचा होता. मेंढरंवाला निघाल्याबरोबर तो पुन्हा एकट्या आबांचा झाला.

धूळ खाली बसली तशी म्हातारी दगडापाशी बसली आणि डोळ्यांना पदर लावून रडली. आबांनी दगडावरची धूळ मुंडाशाने पुसली. मग मला म्हणाले, "तुम्ही पेंटर, तर खरं लिवून द्या की."

"पाटी सरकारी आहे, आबा."

"फुडली बाजू त्येंची. म्हागली आमच्या रानात हाय."

बैलांच्या शिंगांना लावून उरलेला लाल रंग त्यांनी आणला. ब्रश माझ्या पिशवीत असतोच. पाटीच्या कोऱ्या पाठीवर मी लिहिलं: 'मेंढरं वाचवताना मेलेल्या माणसाचा हा दगड. त्याचं नाव कुणाला माहीत नाही.' आबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि दोन्ही वेळा मान हलवली.

जीप सुरू झाली आणि रात्री दौंडला माझी रिझर्व्हेशनची गाडी मिळाली. रात्रभर मी मनातल्या मनात त्या मेंबरांची टवाळी करायचा प्रयत्न केला, पण जमेना. तीस वर्षांत कागदावरचं खरं की खोटं हे मी एकदाही विचारलं नव्हतं. माझी अक्षरं सरळ होती, एवढ्यावरच माझा तोरा.

घरी आल्यावर आठ दिवसांत एक कार्यकर्ता कागद घेऊन आला. 'ऐतिहासिक भूमीत आपले स्वागत' असं लिहायचं होतं. मी विचारलं, "काय घडलं होतं तिथे?"

"तुम्ही फक्त लिहा हो," तो म्हणाला.

मी नाही म्हणालो. त्याने दुसरा पेंटर गाठला. पाटी आता नाक्यावर लागली आहे. अक्षर फार वाईट आहे.