सही माझी, पाय मालकांचा

डॉक्टरांनी मालकांच्या तळव्याला नायलॉनचा दोरा टोचला आणि विचारलं, "कळतंय का?" मालक छताकडे बघत म्हणाले, "टोचा की आधी." तोवर तीनदा टोचून झालं होतं. मला हसू आलं, खोटं कशाला बोलू! मग डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "गँगरीन आहे." म्हणजे रक्त पोचत नाही आणि मांस जिवंतपणी सडतं. हसू कुठल्या कुठे गेलं.

मलमपट्टी करून दुपारच्या एसटीने मुळशीला परत, अशा बेताने आम्ही पुण्याला आलो होतो. राहिलो एकोणीस दिवस.

मालक म्हणजे माझा नवरा. त्यांना अकरा वर्षं शुगर. त्यातून डायबेटिक न्यूरोपथी झालेली, म्हणजे पायाच्या नसा मेल्या होत्या, चटका-काटा काही कळायचं नाही. घरातसुद्धा अनवाणी फिरू नका, असं डॉक्टरांनी बजावून मऊ चपला घ्यायला लावल्या होत्या.

आता माझी चूक सांगते. भाताचं रोप जिथे टाकायचं, तिथे आम्ही उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा पसरून पेटवतो. त्याला राब भाजणं म्हणतात. दुसऱ्या दिवशी मालक राख सारखी करायला निघाले, पायात त्या मऊ चपला. मीच ओरडले, "अहो, राबात पायताण? बांधावर काढा आधी!" आमच्या घरात राब देवासारखा, तिथे कुणी चपला घालून जात नाही. त्यांनी मुकाट काढल्या. राख वरून गार, खाली विस्तव. तासभर ते त्यात वावरले.

संध्याकाळी फोड दिसला. "दुखत न्हाई," म्हणाले. दुखत नाही म्हणजे बरं होतंय, असंच वाटतं ना माणसाला! मी बारा दिवस हळद लावत बसले. मग वास यायला लागला.

हॉस्पिटलात चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "अँप्युटेशन करावं लागेल." म्हणजे पाय कापायचा, गुडघ्याखालून. मालकांनी माझं मनगट धरलं. "पाय काढू द्यायचा न्हाई. मेलो तरी चालंल. शब्द दे." मी "बरं" म्हटलं. त्या वेळी दुसरं काय तोंडातून निघणार?

दोन दिवसांनी ताप चढला. मालक बरळायला लागले, मलाच "कोण तू?" विचारायला लागले. डॉक्टर म्हणाले, "सेप्सिस झालाय." म्हणजे पायातलं विष रक्तात भिनलं. "ते आता ठरवण्याच्या स्थितीत नाहीत. दुपारपर्यंत तुम्ही सांगा."

बाहेर बाकावर धाकटे दीर बसले होते. म्हणाले, "वयनी, दादानं शब्द घेतलाय. मोडलासा तर त्यो जल्मात बोलायचा न्हाई."

"आन पाळला तर?"

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत. दुपारी मी सही केली.

पाय गेला, माणूस राहिला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पांघरूण उचलून बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. भावजींचं खरं झालं. घरी आल्यावरही बोलणं नाही. काही हवं असलं तर "हिला सांग" म्हणून भावजींना हाक.

आमचं घर भातखाचरांच्या वर, वाट सगळी दगडांची, तिथे कुबड्या टिकत नाहीत. मी शाळेत खिचडी शिजवायला जायचे, ते सोडलं. दोघं एका खोलीत कोंडलेलो. कधी कधी मनात यायचं, कशाला केली सही! हेही लिहिते. माणूस सांभाळताना असं मनात येतं, आणि मग आपलीच आपल्याला किळस वाटते. तुमच्या मनात आलं तर तुम्ही एकट्या नाही.

एका सकाळी मी स्टंपवर, म्हणजे उरलेल्या पायावर, पट्टी बांधत होते. राहवेना. म्हटलं, "चपला मी काढायला लावल्या. शब्दबी मीच मोडला."

दोन महिन्यांत पहिल्यांदाच ते माझ्याशी बोलले. "चपलांचं ऱ्हाऊ दे. डॉक्टरनं मला बी सांगितलं व्हतं. शब्द का मोडलास?"

"तुमच्यासाठी न्हाई. मला एकटीला ऱ्हायचं नव्हतं."

मग म्हणाले, "तवापासनं मला कोण काय इचारतच न्हाई. नुसतं जेवा, कूस बदला, गोळी घ्या."

"काय इचारू?"

"जगायचंय का, ते इचार."

मी पट्टीला गाठ मारली. आणि विचारलं.

"आज व्हय," म्हणाले. "उद्याचं उद्या इचार."

ज्यांच्या घरात शुगर आहे, त्यांनी रोज पाय उलटून बघा, आणि देवाच्या दारातही चप्पल काढताना दहा वेळा विचार करा. आणि माणूस शुद्धीत आहे तोवर त्याच्याशी नीट भांडून घ्या, माझ्यासारखं "बरं" म्हणू नका. ज्या डॉक्टरांनी पाय नेला त्यांनीच माणूस दिला, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

मी रोज चहा देताना विचारते. बहुतेक दिवशी "व्हय" येतं. काल तोंड फिरवून म्हणाले, "आज न्हाई."

मी कप खाली ठेवला. म्हटलं, "मग उठा. भांडू."

उठून बसले.