उंदरांचं श्राद्ध

इसेने नवऱ्याला, तोमेकिचीला, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो चटईला डोकं टेकवून नमस्कार करत होता, आणि त्याच्या बाहीतून बाहेर आलेला एक पांढरा उंदीरही शेजारी बसून नमस्कार करत होता. निदान गाव तरी असंच सांगतं. पुढचं तर शपथेवर सांगतं: इसेचे वडील उडी मारून कपाटावर चढले, कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेली आजी धावत अंगणात गेली आणि मध्यस्थ बाई मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपात अशी बसली, की तिला उपसायला शेजारी बोलवावे लागले. इसेने मात्र उंदराला शेपटीच्या मुळाशी अलगद धरलं आणि म्हणाली, "तुमच्याकडचं एक माणूस खाली पडलंय." तोमेकिचीने तिथेच लग्न पक्कं केलं. इसेला विचारायचं तेवढं राहून गेलं.

टोकियोच्या उत्तरेला आमच्या भातशेतीच्या पट्ट्यात प्रयोगशाळांना विकायला उंदीर पाळणं हा घरोघरचा जोडधंदा. तोमेकिची तर उंदरांची आईच. थंडीत स्वतःची गोधडी उंदरांच्या पेट्यांवर पांघरायचा आणि रात्रभर दात वाजवत बसायचा. युद्ध आलं आणि लष्कराला उंदीर पुरेनात. "लस करायचीय, आपले सैनिक वाचतील," असं व्यापारी सांगायचा. माल विमानाने मांचुरियाला, चीनच्या आपण जिंकलेल्या भागात, जायचा.

"बघ," तोमेकिची म्हणायचा, "मला आगगाडीत ओकारी होते, आणि माझी पोरं विमानातून हिंडतात!"

त्या टंचाईतही पहिलं रताळं पेटीत पडायचं. "अहो, पुढच्या जन्मी मी तुमच्या पेटीतच जन्म घेते," इसे फणकारायची, "पोटभर खायला तरी मिळेल."

युद्ध हरलो. काही वर्षांनी गावाने ठरवलं, उंदरांचं श्राद्ध घालायचं. त्यात नवल काही नाही. आमच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बायका मोडक्या सुयांचंसुद्धा श्राद्ध घालतात. ज्याच्या जिवावर पोट भरलं, त्याची माफी मागायची. मठाच्या आवारात दगड बसवायचा ठरला आणि मजकूर सुचवायचा मान अर्थातच तोमेकिचीला मिळाला.

त्या आनंदात त्याने इसेच्या धाकट्या भावाला, साकुझोला, प्यायला बोलावलं. साकुझो युद्धात मांचुरियाला लष्कराच्या दवाखान्यात मदतनीस होता. तिथल्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

"काय रे, तिथे माझे उंदीर भेटले का कधी? गुटगुटीत होते की नाही?"

"भेटले ना, दाजी," साकुझो हसत म्हणाला. "साहेब म्हणायचे, या गावचा माल एक नंबर."

"ऐकलंस का गं?" तोमेकिचीची छाती फुगली.

"चिवट होते. प्लेग दिला तरी पिसवा पोसून होईपर्यंत तग धरायचे." साकुझोने पेला खाली ठेवला. "मग त्या पिसवा माणसांवर सोडायचो."

"म्हणजे शत्रूवर?"

"बांधून ठेवलेल्या माणसांवर, दाजी. चिनी, थोडे रशियन. कोण किती टिकतो ते बघायला. काहींना जिवंतपणीच फाडायचे. मी भांडं धरायचो. त्यांना ओंडके म्हणायचो आम्ही. आज किती ओंडके पडले, असं विचारायचं. आणि बाकीच्या पिसवा विमानातून गावांवर." तो अजून हसतच होता. ते हसू त्याला तोंडावरून काढता येईना.

इसे पेल्यात ओतत राहिली, पेला भरून वाहिला तरी. तिच्या मनात पहिला विचार आला तो त्या माणसांचा नव्हे. शेजारणीने ऐकलं तर नसेल ना, हा.

सकाळी तोमेकिची मठात गेला. मागोमाग इसे.

"महाराज, दगडावर माणसंही घाला."

"कोणती माणसं? नावं काय?"

"नावं नाहीत. ओंडके म्हणत."

महाराजांनी हातातली माळ बाजूला ठेवली. "लोक विचारतील, कोणती माणसं. मग विचारतील, तुला कुणी सांगितलं."

तोमेकिचीने इसेकडे पाहिलं.

"अहो, एकुलता एक भाऊ आहे माझा," ती म्हणाली. "त्याला फासावर चढवाल? उंदरांचंच राहू द्या."

"उंदरांनी मला माफ केलं गं कधीच. माफी मागायची ती दुसऱ्यांची."

"कुणाची तरी मागितली म्हणजे झालं!"

शब्द तोंडातून गेले आणि इसेला स्वतःचीच किळस आली. पण तिने ते परत घेतले नाहीत. तोमेकिची चपला शोधत राहिला, त्या पायातच होत्या.

श्राद्ध थाटात झालं; दगडावर उंदरांचंच नाव होतं. महाराजांनी मंत्र म्हटले, सगळ्यांनी उदबत्त्या लावल्या, गोड पाव वाटले. सगळ्यांत जास्त वेळ वाकून राहिला तो साकुझो. त्याचे खांदे गदगदत होते.

"किती कोवळ्या मनाचा तुझा भाऊ!" शेजारीण डोळे पुसत म्हणाली. "उंदरांसाठी रडतोय बघ."

धरणीने पोटात घ्यावं असं इसेला झालं. ती म्हणाली, "हो ना, लहानपणापासूनच तसा आहे." नवरा मागेच उभा होता. त्याने ऐकलं, हे तिला कळलं. तिने मागे वळून पाहिलं नाही.

साकुझोला कुणीही कधीच काही विचारलं नाही. पुढे तो तालुक्याच्या आरोग्य केंद्रात लागला आणि पेन्शन घेऊन निवृत्त झाला.