टिंबांच्या जागी

धुळ्यातल्या एका वाचनालयात प्रेमराज नाना पुस्तकं देतात-घेतात. जीव मात्र भलतीकडेच. गेली अकरा वर्षं ते खानदेशात गावोगाव फिरून बायांच्या अंगाया फोनवर टिपून आणतात, संगणकावर टंकतात आणि दुपारी डोळे मिटून ऐकत बसतात. वाचनालयात कोण आलं, कोण गेलं, याचं भान बेताचंच.

गाणी शोधायला त्यांनी पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला होता. शब्द टाका, गाणं हजर. एकदा एका पाहुण्याने न मिटलेला कंस टाकला आणि ती अर्धवट आज्ञा समजून चारचौघांत प्रोग्राम कोसळला. नानांनी धसकाच घेतला. तेव्हापासून लोक लिहितील ते जसंच्या तसं शोधायचं, कुठल्याही चिन्हाला अर्थ द्यायचा नाही, असा त्यांनी बंदोबस्त करून टाकला. भित्र्या माणसाचा बंदोबस्त, दुसरं काय!

मग एका दुपारी ताईबाई आल्या. वय ऐंशीच्या पुढे. आई लहानपणीच गेलेली. तिचा फोटो नाही, लुगड्याचा तुकडा नाही. उरली एक अंगाई, तीही अर्धी.

"भाऊ, सुरवात याद शे, शेवट याद शे. मधलं बठ्ठं भुली गऊ."

नात पुनमने चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, विसरलेल्या जागी टिंबं देऊन: नीज वं ..... पानी निजनं.

नानांनी तसंच टंकलं. काही सापडलं नाही. ताईबाई उठू लागल्या, त्यांचा चेहरा नानांना बघवेना. तेवढ्यात डोक्यात प्रकाश पडला. नानांच्याच हुकमाने प्रोग्राम बिचारा गाण्यात खरीखुरी टिंबं शोधत होता! एरवी प्रोग्रामच्या भाषेत टिंब म्हणजे कोणतंही एक अक्षर, आणि टिंबापुढे चांदणी (*) दिली की कितीही. नानांनी बंदोबस्त काढला, शोधायची खूण चुकली तर कोसळू नको, नुसतं सांग, अशी सोय केली आणि एका टिंबापुढे चांदणी ठेवली.

एकोणीस अंगाया उतरल्या. नाना हलक्या आवाजात वाचू लागले, "नीज वं सोने, गिरनानं पानी निजनं. नीज वं मंजुळे, पांझरानं पानी निजनं." दर गावात निजलेली नदी वेगळी, पोरगी वेगळी. वाचता वाचता त्यांच्याच पापण्या जड झाल्या.

"यातली तुमची कोणती?"

ताईबाईंनी मान हलवली. एकही नाही. लग्नात सासरच्यांनी ठेवलेलं नाव त्यांनी पासष्ट वर्षं वागवलं होतं. आधीच्या नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. पडद्यावरच्या नावांवरून त्यांनी बोट फिरवलं. मग तान्ह्या पोरीला थोपटावं तसा स्वतःचाच गुडघा थोपटत म्हणू लागल्या, "नीज वं चिंधे, अनेरनं पानी निजनं."

नाना टंकायला सरसावले. "चिंधी कोण, अक्का?"

"मी," ताईबाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. "मी चिंधी, भाऊ. मन्ही मायनी चिंधी."