नेच्याचे दात

वुब्बो हूकझेमा कोणी भेटलं की आधी दात बघायचा, मग डोळे. पावाचा कागद घडी घालून खिशात ठेवायचा. पावाला लोणी पार कडेपर्यंत लावायचा. होड्यांसाठी कालव्यावरचा पूल उघडला, की उगाच पुलाला हात करायचा. ग्रोनिंगेन शहरात चाळीस वर्षं त्याने कवळ्या केल्या. तो गेला, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

मार्चमध्ये कालव्याच्या भिंतीत त्याला नखाएवढा नेचा, म्हणजे फर्न, सापडला. दुर्मीळ असावा. पण नगरपालिका भिंत घासून काढणार होती. "पानाच्या कडेचे दाते मोजता येतील असा फोटो शुक्रवारपर्यंत द्या, मग विचार करू," असं कचेरीने कळवलं.

"दात मोजायचे? हे तर माझंच काम!" वुब्बो म्हणाला. पण त्याला बारीक गोष्टी मोठ्या टिपणारी मॅक्रो लेन्स हवी होती.

कॅमेऱ्याच्या दुकानातल्या सीत्स्केने तीन मांडल्या. साठ, शंभर, एकशेऐंशी मिलिमीटर.

"मोठी घे. लांबूनच फोटो येतो. फुलपाखरू बिचकत नाही."

"बाई, माझा नेचा उडून जाणार आहे का?"

"मग शंभर घे. सगळे तीच नेतात."

"सगळ्यांना एकच कवळी बसत नाही."

असे दोन दिवस गेले. सीत्स्के मला म्हणाली, "तिन्ही लेन्सनी माझा झुमका टिपून झाला. आता म्हणतोय, आ कर."

गुरुवारी तिने वैतागून मोठी आणि छोटी एका दिवसासाठी उसनी दिली. वुब्बोने आणि मी होडी भिंतीला लावली. मोठ्या लेन्समधून सगळंच हललं. कॅमेऱ्याखाली तिकाटणं लावलं, तर तेही होडीबरोबर डोलायला लागलं.

"स्थिर धर!"

"होडी मी धरलीय. कालवा कोणी धरायचा?"

"साहित्याचा पदवीधर ना! तोंड तेवढं चालतं."

साठची इतकी जवळ न्यावी लागली, की तिच्या टोकाची नळी भिंतीला टेकली. वुब्बो थबकला. मग त्याने ती मुद्दाम दाबून धरली. होडी हलत राहिली, कॅमेरा मात्र हलेना.

फोटोत सतरा दाते आले. शुक्रवारी कचेरीने काम थांबवलं. "असे आणखी किती आहेत ते दाखवा. तेवढी भिंत सोडू."

वुब्बोने साठची विकत घेतली. भिंत चाळीस मीटर. रोज सकाळी तो होडीतून एकेक वीट बघत सरकायचा, थांबला तिथे खडूने रेघ मारायचा. दोन जुलैला तो अंथरुणातून उठलाच नाही.

रेघ अकराव्या मीटरवर आहे. पुढची एकोणतीस मीटर भिंत कोणी बघितलेली नाही.