मच्छिंद्र मास्तरांचा राखीव सर्व्हर

श्रीगोंद्याच्या मच्छिंद्र मास्तरांनी निवृत्तीनंतर घरातच स्वतःचा मेल सर्व्हर थाटला. तो बंद पडला तर येणारे मेल सांभाळून ठेवायला दुसरा सर्व्हर राहुरीला, मेव्हण्याच्या माळ्यावर बसवला. "एकही मेल हरवायचा नाही!" ते छातीठोक सांगत. त्यांना मेल करतंय कोण, हे विचारायची मात्र कुणाची टाप नव्हती.

परवा दोन दिवस वीज गेली. ती आल्याबरोबर राहुरीच्या सर्व्हरनं जिवापाड जपलेला एकुलता एक मेल इमानेइतबारे पोचवला. मास्तरांनी चष्मा पुसून तो मोठ्यानं वाचला, "आज सकाळी दहापासून दोन दिवस वीज बंद राहील."

भरून ठेवलेल्या पिंपातला शेवटचा तांब्या काढत मास्तरांच्या पत्नी रतनबाई म्हणाल्या, "वायरमन आदल्या दिशीच गिरनीत सांगून गेल्ता. तुमची मशिन दळन घिऊन तितं जात न्हाई व्हय?"